बाळाच्या सरकारी लसी: पाचपैकी चार स्टार, आणि पाचवा का कापला ते

फुकट मिळतं त्याचा कुठे रिव्ह्यू लिहितात का, असं घरात विचारून झालंय. मला तर वाटतं फुकटच्याच गोष्टीचा जास्त नीट लिहायला पाहिजे, कारण तिथे आवडलं नाही तर पैसे परत मागायची सोय नसते, आणि ही सेवा फुकट नाहीचे मुळी, काउंटरवर पैसे घेत नाहीत एवढंच. जे काही आपण विकत घेतो त्यात कुठे ना कुठे कर असतोच, म्हणजे ज्याला मूलबाळ नाही त्यानेसुद्धा माझ्या लेकीच्या डोसचे पैसे भरलेत आणि मी त्याच्या भाचीच्या. तिचं कार्ड जन्मापासून सरकारी केंद्रातच भरत आलंय, यादीत नसलेल्या काही लसी तेवढ्या खासगीत घेतल्या, त्यामुळे दोन्हीकडचं बघून झालंय.

आधी माल. "सरकारी लस म्हणजे हलकी असणार" हे वाक्य प्रत्येक नव्या आईबापाला कोणी ना कोणी ऐकवतंच, आणि मी पण तीच शंका घेऊन गेले होते, तर तिथल्या सिस्टरनी काही न बोलता व्हायल, म्हणजे लशीची छोटी बाटली, माझ्या डोळ्यासमोर धरली. लेबलवर एक छोटासा गोल असतो, गोलाच्या आत एक चौकोन. लस ताजी असते तेव्हा चौकोन बाहेरच्या गोलापेक्षा फिका असतो, आणि व्हायलला जसजशी उष्णता लागत जाते तसा तो गडद होत जातो, एकदा का त्याचा रंग गोलाइतका किंवा त्याहून गडद झाला की ती व्हायल बाद, वापरायचीच नाही. हा प्रकार १९९६ पासून पोलिओच्या थेंबांवर सुरू झाला, नंतर बाकी लसींवर आला. गंमत म्हणजे हे स्टिकर लावायचा आग्रह मुख्यतः युनिसेफ आणि सरकारी खरेदीचा, खासगी बाजारातल्या प्रत्येक व्हायलवर ते असेलच असं नाही. म्हणजे फ्रीज मधेच बंद पडला होता का हे मला सरकारी व्हायलवर दिसतं आणि पैसे मोजून घेतलेल्या व्हायलवर कदाचित दिसणार नाही. अर्थात स्टिकरला फक्त उष्णता कळते. कावीळ बी, धनुर्वात, डांग्या खोकला ह्यांच्या लसी गोठल्या तरी खराब होतात, आणि ते ह्या चौकोनाला कळत नाही, तिथे सगळं फ्रीज बघणाऱ्या माणसाच्या लक्षावर आहे, २ ते ८ डिग्री, ना वर ना खाली. सिरिंजही बघून घ्या, एकदा दांडा पूर्ण दाबला की लॉक होतो, परत ओढताच येत नाही, त्यामुळे दुसऱ्या पोराला तीच सुई लागायचा प्रश्न नाही.

ताप येतो, हे खरं. बऱ्याच देशांत सरकारी केंद्रात डांग्या खोकल्याची जी लस देतात ती जुन्या पद्धतीची, अख्ख्या मारलेल्या जंतूंची, आणि खासगीत जी कमी दुखणारी म्हणून महाग मिळते त्यात जंतूचे निवडक तुकडे असतात. जुनीने ताप आणि सूज जास्त, रात्रभर पोर कडेवर. पण तिचं संरक्षण जास्त टिकतं आणि नवीचं लवकर ओसरतं, हे आता बऱ्यापैकी नक्की झालंय. एका रात्रीची झोप वाचवायला इतके पैसे मोजायचे का हे ज्याचं त्याने ठरवावं, मी नाही मोजले.

आता किंमत, म्हणजे शून्य. ही शून्य किंमत दया म्हणून ठेवलीये असं बहुतेकांना वाटतं, गरिबांना परवडावी म्हणून. ते एक कारण आहेच पण मुख्य नाही. गोवर झालेलं एक माणूस, आजूबाजूला कोणालाच प्रतिकारशक्ती नसेल तर, १२ ते १८ जणांना तो देतं, त्यामुळे साथ थांबवायची तर ९५ टक्क्यांच्या आसपास पोरं लस घेतलेली लागतात. लेकीला गोवराची लस दिली तर ती वाचली हे एक झालं, पण शेजारचं चार महिन्यांचं बाळ ज्याचं अजून गोवराच्या लसीचं वयच झालेलं नाही, किंवा कॅन्सरच्या औषधांवर असलेलं पोरगं ज्याला ती लस देताच येत नाही, तीही तिच्यामुळे वाचतात, आणि ह्याचे पैसे मला कोणी देत नाही. लस दुकानात ठेवून विकली तर प्रत्येकजण आपल्या पोराला किती फायदा एवढंच बघून खिशात हात घालणार, शेजारच्या बाळाचा हिशोब कोणाच्याच पाकिटात नाही. मग विक्री कमीच होणार, श्रीमंत घरांतसुद्धा.

आणि कमी विक्री म्हणजे फक्त कमी फायदा असंही नाही, इथे खरी मेख आहे. ग्रीसचं उदाहरण मला वाटतं ह्या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने वाचावं. तिथे १९७५ च्या सुमारास गोवर-गालगुंड-रुबेलाची लस आली, पण सगळ्या पोरांपर्यंत ती पोचवायची धड मोहीम नव्हती, ज्याने घेतली त्याने घेतली, आणि ऐंशीचं दशक संपेपर्यंत निम्म्या पोरांनाही ती मिळालेली नव्हती. रुबेला लहान मुलाला झाला तर फार काही नसतं, दोन दिवस पुरळ, थोडा ताप. पण गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत आईला झाला तर पोटातल्या बाळाचे डोळे, कान, हृदय, सगळ्यावर घाला. आता निम्म्यांनी लस घेतल्यामुळे काय झालं तर विषाणू फिरायचा कमी झाला, पण थांबला नाही. ज्या मुलींना लस मिळाली नव्हती त्या लहानपणी रुबेला न होताच मोठ्या झाल्या, ना लस ना आजार, कोरी पाटी, आणि १९९३ मध्ये साथ आली तेव्हा ती ह्या वयात आलेल्या पोरींवर आली. त्या वर्षी जन्मजात रुबेलाची २५ बाळं नोंदली गेली. कोणीच लस घेतली नसती तर ह्यातल्या बऱ्याच जणींना तो आजार पाचव्या-सातव्या वर्षीच होऊन गेला असता. म्हणजे काही घरांनी आपल्यापुरती लस घेतली आणि बिल आलं ते ज्यांनी घेतली नव्हती त्यांच्या न जन्मलेल्या बाळांच्या नावावर. म्हणून "ज्याला परवडेल तो घेईल की, सरकारने कशाला खर्च करायचा" असं कोणी म्हणालं की मला राग येतो, काही लसींच्या बाबतीत अर्धवट दुकानदारी ही काहीच न करण्यापेक्षा वाईट पडते.

पैसा वसूल आहे का? तुफान आहे. देवीच्या निर्मूलनाची जागतिक मोहीम १९६७ ला जोरात सुरू झाली, शेवटची नैसर्गिक केस १९७७ मध्ये सोमालियात, १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आजार संपल्याचं जाहीर केलं, सगळा मिळून खर्च साधारण ३० कोटी डॉलर. त्यानंतर जगातल्या कुठल्याच देशाला पोरांना देवी काढण्यावर पैसे घालावे लागलेले नाहीत, ना लशीवर, ना इस्पितळावर, ना बंदरावरच्या तपासणीवर. इतका मोठा सार्वजनिक खर्च करून पुढचा खर्च कायमचाच बंद झाला असं दुसरं कुठे झालंय मला तरी आठवत नाही. आणि १९७४ मध्ये जागतिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाल्यापासूनच्या ५० वर्षांत लसींनी १५ कोटी ४० लाख जीव वाचवले असा अंदाज २०२४ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला, त्यातले जवळजवळ ६० टक्के एकट्या गोवराच्या लसीचे.

दुसरा एक आकडा खूप फिरतो, एक डॉलर घाला आणि १६ डॉलर परत मिळवा. २०१६ च्या एका अभ्यासातला आहे, ९४ गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांचा. आकडा खोटा नाही पण तो कसा काढला हे कोणी सांगत नाही. वाचलेला औषधोपचार, आईबापाची बुडालेली मजुरी, आणि मेलेल्या किंवा अपंग झालेल्या मुलाने पुढे आयुष्यभर जे कमावलं असतं ते, असं सगळं त्यात धरलंय. आता हे शेवटचं बघा. कमाईवर जीव मोजायचा म्हटलं की जिथे पगार जास्त तिथलं पोर महाग आणि जिथे मजुरी कमी तिथलं स्वस्त, आणि गोवर नेमका स्वस्त पोरांकडेच जास्त जातो. त्याच अभ्यासात लोक निरोगी आणि लांब आयुष्याला किती मोल देतात ते धरलं की १६ चे ४४ होतात. म्हणजे आकडा हवा तर ताणता येतो. मला तर वाटतं "परतावा किती" हा प्रश्न अर्थमंत्र्याला पटवण्यापुरता ठीक आहे, त्याच्यावर कोणाला लस द्यायची हे ठरवायला लागलात तर घोळ.

अर्थमंत्र्याला पटवणंही सोपं नाही म्हणा. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना कावीळ बी ची लस द्यायला घेतली. ह्या काविळीतून पोरांना होणारा लिव्हरचा कॅन्सर पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कमी झालेला दिसला, पण मोठ्यांमधला फायदा दिसायला ती बाळं चाळीस-पन्नाशीला यावी लागतात. एचपीव्हीचंही, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर करणाऱ्या विषाणूच्या लसीचंही तेच, लस नऊ ते चौदाव्या वर्षी आणि टळलेला कॅन्सर तीस वर्षांनी. हिशोब करणारे लोक भविष्यातल्या फायद्याला दर वर्षी थोडी कात्री लावत आणतात, त्यामुळे तीस वर्षांनी वाचलेली बाई कागदावर आजच्या बाईपेक्षा बरीच छोटी दिसते. खर्च ह्या मंत्र्याच्या बजेटमध्ये, श्रेय सातव्या मंत्र्याला. तरीही देश हे करतात ह्याबद्दल अर्धा स्टार मी जास्तच दिलाय.

न्यायाचा एक विचित्र प्रश्न ब्रिटनमध्ये निघाला होता, तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथे कांजिण्यांची लस वर्षानुवर्षं सरकारी यादीत घेतली नाही, आणि एक मोठं कारण असं दिलं गेलं की कांजिण्या झालेली पोरं आजूबाजूला असली की मोठ्यांची प्रतिकारशक्ती ताजी राहते आणि त्यांना नागीण कमी होते. म्हणजे आजोबांची नागीण टळावी म्हणून नातवाने खाजवत बसायचं! कागदावर बेरीज-वजाबाकी बरोबर असेल, पण नातवाला कोणी विचारलं होतं का. पुढे नवीन माहितीत तो परिणाम धरला होता तितका मोठा नाही असं दिसलं आणि २०२३ मध्ये तिथल्या सल्लागार समितीने लसीची शिफारस केली.

आता कापलेल्या स्टारकडे. किंमत शून्य, पण दिवस फुकट नसतो.

गोवराची लस पावडर असते, ती पातळ केली की सहा तासांत किंवा त्या दिवसाचं लसीकरणाचं सेशन संपल्यावर उरलेली फेकायची. एका व्हायलमध्ये पाच किंवा दहा डोस. आम्ही गेलो तेव्हा त्या वयाचं आमचं एकटंच बाळ, तर सांगितलं की एकासाठी व्हायल फोडली तर बाकीचे डोस वाया जातील, पुढच्या सेशनला या, अजून पोरं असतील. बोलणं नम्र होतं, रागावण्यासारखं काही नव्हतं. पण हा नियम नाहीये! जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सरळ आहे, एक पोर आलं तरी व्हायल फोडा, कारण वाया गेलेले नऊ डोस परत न आलेल्या एका पोरापेक्षा स्वस्त पडतात. पण सिस्टरना वरून विचारणा होते ती वाया गेलेल्या डोसची, परत न आलेल्या बाळाची कोणी नोंदच ठेवत नाही, मग त्या काय करणार. मी परत गेले, मला सुट्टी मिळते. रोजंदारीवरची बाई परत येताना दोनदा विचार करेल, तिची एक दिवसाची कमाई गेली, प्रवासाचे पैसे गेले, मोठं पोर कोणाकडे ठेवायचं तो वेगळा प्रश्न. तिच्यासाठी ही मोफत लस माझ्या लसीपेक्षा महाग आहे, आणि मोफत ठेवलीये ती म्हणे तिच्याचसाठी.

हे माझं एकटीचं रडगाणं नाही. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात बॅनर्जी आणि डुफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ, ज्यांना पुढे २०१९ चं नोबेल मिळालं, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर हेच तपासून बघितलं, निकाल २०१० मध्ये छापून आला. लस आधीपासूनच फुकट, तरी सगळे डोस पूर्ण झालेली पोरं ६ टक्के. ठरल्या दिवशी नक्की भरणारी शिबिरं घेतली तर १८ टक्के. आणि त्याच शिबिरात दर खेपेला किलोभर डाळ आणि सगळे डोस झाले की ताटांचा सेट दिला तर ३९ टक्के. लाच देता का म्हणून ओरड करणाऱ्यांनी पुढचं वाचावं, डाळीचा खर्च धरूनही पूर्ण डोसवालं प्रत्येक पोर स्वस्त पडलं, जवळजवळ निम्म्यात, कारण नर्स तर दिवसभर बसलेलीच असते, तिचा पगार चार पोरांवर वाटला काय किंवा चाळीस पोरांवर. मला त्यातला पहिला भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. डाळ लांबच राहिली, नुसतं दार वेळेवर उघडलं तरी तिप्पट फरक.

अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही हेच. १९८९ ते ९१ तिथे गोवराची मोठी साथ आली, ५५ हजारांच्या आसपास केसेस, शंभराहून जास्त मृत्यू, आणि जास्त फटका शहरांतल्या गरीब वस्त्यांतल्या लस न झालेल्या छोट्या पोरांना. ह्यातली कितीतरी पोरं डॉक्टरकडे जात होती! पण लशीचे पैसे नाहीत म्हटल्यावर डॉक्टर त्यांना सरकारी क्लिनिकला पाठवायचे, आणि ती दुसरी फेरी राहून जायची. म्हणून १९९३ मध्ये कायदा करून सरकारने लसी विकत घेऊन थेट त्याच डॉक्टरांच्या फ्रीजमध्ये ठेवायला सुरुवात केली. फेरी वाचवली, बाकी लस तीच. आजही जगात २०२४ च्या आकड्यांप्रमाणे १ कोटी ४० लाखांहून जास्त बाळांना एकही डोस मिळालेला नाही. काही युद्धात अडकलेली आहेत, पण बाकीच्यांसाठी लस नाही असं नाही, ती त्यांच्यापर्यंत जात नाही.

ज्यांना द्यायचीच नाही त्यांच्याबद्दल थोडक्यात. जपानने १९७५ मध्ये दोन मृत्यूंनंतर डांग्या खोकल्याची लस थांबवली, परत सुरू केली तरी लोक येईनात, आणि १९७९ मध्ये १३ हजारांवर केसेस आणि ४१ मृत्यू, त्यामुळे आम्ही नाही घेतली तरी काय बिघडलं म्हणणाऱ्यांनी बाकीच्यांच्या जिवावर किती दिवस राहता येतं ते तिथे बघावं. पण ऑस्ट्रेलियाने २०१६ पासून लस नाही तर मुलांसाठीचे सरकारी भत्ते बंद असं केलंय ते मला पटत नाही. भत्त्यावर घर चालणाऱ्याला चटका, आणि भत्ता लागतच नाही असा श्रीमंत नकारवाला आरामात. दंड लावायचाच तर सगळ्यांना सारखा लागेल असा तरी शोधा.

विक्रीपश्चात सेवा हा शेवटचा मुद्दा, आणि हा पगारदार माणसाच्या तक्रारीसारखा वाटेल पण फार मोठा आहे. लाखांत एखाद्या बाळाला लशीचा खरंच गंभीर त्रास होतो. सगळ्यांच्या भल्यासाठी घ्या म्हणून आपण लोकांना सांगतो ना, मग त्या एकाचं ओझंही सगळ्यांनीच उचलायला हवं. जर्मनीने १९६१ मध्ये भरपाईची सोय केली, ब्रिटनने १९७९ मध्ये. अमेरिकेत १९८६ च्या कायद्यातून आली, तिथे प्रत्येक डोसमध्ये जितके आजार तितके ७५ सेंट कर गोळा होतो, तीन आजारांची लस तर सव्वादोन डॉलर, आणि त्या गल्ल्यातून कोर्टात कंपनीची चूक सिद्ध न करता भरपाई मिळते. विम्याचंच तत्त्व, हप्ता नकळत भरला जातो. बऱ्याच देशांत मात्र असं काहीच नाही. तिथे कुटुंबाने कंपनीशी वर्षानुवर्षं भांडायचं किंवा नशीब म्हणून गप्प बसायचं. आम्हाला केंद्रात लसीनंतर अर्धा तास बसवून ठेवलं, तापाचं औषध आणि फोन नंबर दिला, तेवढं चोख होतं, पण त्यापुढे काय हा प्रश्न विचारल्यावर सिस्टरकडे उत्तर नव्हतं, आणि ते त्यांच्याकडे असायलाही नको, कायद्यात असायला हवं.

जाणाऱ्यांसाठी: सेशन सुरू व्हायच्या वेळेलाच जा, कार्डाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, व्हायलवरचा चौकोन दाखवा म्हणायला लाजू नका, दाखवतात. व्हायल फोडायला नाही म्हणाले तर एका पोरासाठीही फोडायचा सल्ला आहे असं शांतपणे सांगा. तरी नाहीच ऐकलं तर नक्की तारीख कार्डावर लिहून घ्या. संध्याकाळचं किंवा सुट्टीच्या दिवसाचं एक सेशन सुरू केलं आणि एकट्या बाळासाठी बिनबोभाट व्हायल फोडली की मी येऊन पाचवा स्टार लावते.